क्युरारे : अंग सैल पडणे म्हणजे झोप नव्हे

१/ शस्त्रक्रियेपूर्वी श्वासनलिकेत नळी घालायची, तर घशाचे व स्वरयंत्राचे स्नायू सैल पडावे लागतात. एरवी रुग्ण खोकतो, स्वरतंतू घट्ट मिटतात. १९४० पूर्वी यावर मुख्य उपाय होता ईथर किंवा सायक्लोप्रोपेनची भूल अधिकाधिक गाढ करत नेण्याचा. मात्र भूल गाढ होईल तसा हृदय आणि श्वसन यांचा धोका वाढे.

२/ ही कोंडी फोडणारे द्रव्य दक्षिण अमेरिकेतील आदिवासींच्या बाणांवर होते : क्युरारे. ते लागलेली शिकार लुळी पडे आणि श्वास थांबून मरे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लोद बेर्नार यांनी बेडकांवर प्रयोग करून दाखवले, की हे विष मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही. स्नायू मात्र शाबूत असतो.

३/ विषाचे औषध होण्यासाठी मात्रा निश्चित हवी. सशाची मान गळून पडण्यास किती द्रावण लागते, यावरून त्याची तीव्रता मोजली जाऊ लागली. असे प्रमाणित द्रावण २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि इनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत एका तरुणाला शिरेतून दिले; आधी ३.५, मग १.५ मिलिलिटर. हलक्या भुलीतही त्याचे पोट मऊ पडले.

४/ येथून एक घातक गैरसमज बळावला. मोठ्या मात्रेत क्युरारे शुद्धही हरपवते, असे काही डॉक्टरांना वाटे. खरे काय, हे निश्चल रुग्ण सांगणार कसा? अखेर अमेरिकेतील युटा येथे भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ यांनी स्वतःवरच प्रयोग करवून घेतला. श्वसन बंद पाडणाऱ्या मात्रेच्या अडीच पट औषध त्यांना देण्यात आले. कृत्रिम श्वसनावर त्यांना जिवंत ठेवले गेले. १९४७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पापणीही हलत नसताना ते पूर्ण शुद्धीत होते, वेदनाही जाणवत होती.

५/ तेव्हापासून हिशेब दोन झाले. थायोपेंटलसारख्या औषधाची मात्रा झोपेसाठी, शैथिल्यकारक औषधाची स्नायूंसाठी. १९५१ च्या सुमारास आलेले सक्सिनिलकोलीन साधारण मिनिटभरात स्नायू सैल करी आणि काही मिनिटांत उतरे. नळी घालण्यासाठी ते सोयीचे ठरले. पण झोपेचे औषध आधी ओसरले, तर जागा झालेला रुग्ण हाकही मारू शकत नाही. म्हणूनच भूलतज्ज्ञ स्नायूंच्या शांततेवर विसंबून राहत नाही. झोपेचा हिशेब तो वेगळा ठेवतो.