पडण्याचे नियम

वजनदार वस्तू उंचावरून खाली आली तर तिचा आघात कोणी आणि किती सोसायचा, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहेच. पण तो खेळाचाही आहे. खेळ म्हटला की नियम आले, आणि नियम म्हटला की तो कशाची दखल घेतो व काय वगळतो, हे तपासणे आले. साहित्याचा अभ्यासक संहितेकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने गिरगाव-लालबागच्या दहीहंडीकडे आणि तिच्या नियमांकडे पाहावे, असे आम्हांला वाटते.

तुलनेसाठी एक दूरचा खेळ घेऊ. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पात्र उंचावरून पडले तर दर दहा फुटांमागे एक फासा टाकायचा आणि पडेल तेवढी इजा मोजायची, जास्तीत जास्त वीस फासे, असा नियम त्याच्या १९७८च्या पुस्तकात आहे. पडण्याची ऊर्जा उंचीच्या सरळ प्रमाणात वाढते. तेव्हा हे गणित अगदीच अडाणी नाही. २००३च्या सुधारित नियमांत पडणाऱ्या वस्तूंचे स्वतंत्र कोष्टक येते: दर दोनशे पौंडांमागे, म्हणजे सुमारे ९० किलोंमागे, एक फासा, वस्तू हलकी असेल तर तिला अधिक उंची लागते. साठ पौंडांची वस्तू तीस फुटांवरून आली, तरच खालच्याला इजा. साठ पौंड म्हणजे सुमारे २७ किलो, आठनऊ वर्षांच्या मुलाएवढे वजन! कोष्टक भाबडे खरे. पण कोण पडते याबरोबरच ‘कोणावर पडते’ हेही विचारले पाहिजे, एवढे त्याने हेरले आहे.

गोविंदा पथकाला हे कोष्टकावाचून ठाऊक असते. भारदस्त माणसे खाली, हलकी वर; तळाशी खांद्याला खांदा भिडवलेले कडे, ते भार पेलते आणि वरून येणाऱ्याला झेलतेही. हे शास्त्र गुरुपौर्णिमेपासून चाळीच्या आवारात सराव करता करता तोंडी शिकवले जाते. एकट्यानेच उभे राहायच्या थराला पथकांत ‘एक्का’ म्हणतात. पत्त्यांच्या डावातला हा शब्द रस्त्यावर येऊन जिवंत माणसाचे नाव झाला आहे. आणि ‘सलामी’ म्हणजे हंडी न फोडता थर लावून पुन्हा उतरणे. म्हणजे उतरणे हाही खेळाचाच भाग.

लिखित नियमांचा इतिहास मात्र उंचीभोवती फिरतो. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची आणि १८ वर्षे वयाची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयात तिला आधी स्थगिती मिळाली, पण २०१६ साली ती कायम झाली. त्या वर्षी दादरला गोविंदांनी रस्त्यावर आडवे पडून थर रचले आणि निषेध नोंदवला. उंची जवळपास शून्य, थर तेवढेच: नियमाच्या शब्दार्थावर याहून मार्मिक भाष्य आमच्या पाहण्यात नाही. २०१७ साली उच्च न्यायालयाने उंचीचा प्रश्न विधिमंडळावर सोपवला आणि वयोमर्यादा १४ वर आली. २०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. मृत्यू झाल्यास १० लाख रुपये आणि इजेच्या तीव्रतेनुसार त्याहून कमी, अशी मदत जाहीर झाली. हेही एक कोष्टकच. फक्त येथे फासा आधी पडलेला असतो.

फूट, वय आणि रुपये यांची भाषा लिखित नियमाला बोलता येते. तळाच्या थरातल्या माणसाच्या मानेवर काय येते, हे त्या भाषेत सांगता येत नाही. कॅटलोनियातील मानवी मनोऱ्यांना २०१० साली युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. तेथे मनोरा नुसता पूर्ण झाला की पूर्ण होऊन सुखरूप उतरलाही, हा भेद काटेकोरपणे नोंदवतात आणि दुसऱ्याचे मोल अधिक मानतात. ‘सलामी’ या शब्दात हाच विचार आपल्याकडे आधीपासून आहे. बक्षिसाचा आकडा जोवर चढलेल्या थरांवरच ठरतो, तोवर तो शब्दातच राहील. नियम पुन्हा लिहिण्याची वेळ आली, तर पहिले कलम उंचीचे न करता उतरण्याचे करावे, असे आमचे मत आहे.