बोटीतील जुने इथेनॉलमिश्रित पेट्रोल
बोटीच्या टाकीत दीर्घकाळ साठून पाणी शोषलेले व इंजिनास निरुपयोगी ठरू शकणारे पेट्रोल-इथेनॉल मिश्रण. अमेरिकेत 2005 व 2007 च्या ऊर्जा कायद्यांनंतर 10 टक्के इथेनॉलचे पेट्रोल (ई-10) सर्वत्र रूढ झाले आणि हंगामी बोटींत हा प्रश्न ठळकपणे पुढे आला.

इथेनॉल जलाकर्षी आहे (→ इथेनॉल). बोटीच्या टाकीची वायुनलिका बाहेरच्या दमट हवेस खुली असते. त्यातून बाष्प, कधी थेट पाणीही आत येते. सामान्य तापमानाला ई-10 मध्ये सुमारे अर्धा टक्का पाणी विरघळलेले राहते. प्रमाण त्यापुढे गेले, किंवा तापमान घसरले, की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. इंधन ओढणारी नळी नेमकी तळाशीच असल्याने हे मिश्रण प्रथम इंजिनात जाते. वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन अंकही घटतो (→ ऑक्टेन अंक). जुन्या फायबरग्लास टाक्यांतील रेझिन इथेनॉलने विरघळून इंजिनात चिकट काळा थर साचल्याचे आढळले आहे.

पारदर्शक बाटलीत तळाचा नमुना घेतल्यास दोन थरांमधील रेषा स्पष्ट दिसते. असे इंधन कोणत्याही रसायनाने पूर्ववत होत नाही. ते उपसून घातक कचरा म्हणूनच द्यावे लागते. स्थिरीकारक द्रव्ये ताज्या पेट्रोलातच उपयोगी पडतात. 10 मायक्रॉनचा जलविभाजक फिल्टर किरकोळ पाणी अडवतो, वेगळा झालेला थर नव्हे (→ अंतर्ज्वलन इंजिन). अमेरिकेत 15 टक्के इथेनॉलचे पेट्रोल बोटींत वापरण्यास मनाई आहे.