२०० हा आकडा कोण ठरवतं? अँटिबॉडी, पेशी आणि मोजणीचा इतिहास

फ्लो सायटोमेट्रीचा पहिला प्रोटोकॉल हातात पडला की त्यात साधारण असं लिहिलेलं असतं: ईडीटीए ट्यूबमधलं रक्त ५० मायक्रोलिटर, त्यात सीडी३, सीडी४, सीडी४५ च्या अँटिबॉडी, थोडा वेळ अंधारात ठेवा, मग लाल पेशी फोडा. आपण निमूटपणे करतो. पण बघा, मोजायच्या आहेत सीडी४ पेशी, मग सीडी३ कशाला? आणि ही 'सीडी' नावं आली कुठून? उत्तरं इतिहासात आहेत. आणि आपल्या महाराष्ट्रात या मोजणीवर माणसांची औषधं अवलंबून होती.

रंग आधी, यंत्र नंतर

१९४१-४२ मध्ये हार्वर्डला अल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी न्यूमोकॉकस जिवाणूविरुद्धच्या अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडला. अँटिबॉडी जिथे चिकटेल तिथे सूक्ष्मदर्शकाखाली उजेड दिसायचा. कल्पना साधी होती: अँटिबॉडी म्हणजे पेशीला विचारलेला प्रश्न आणि चमक म्हणजे तिचं 'हो'.

पण डोळ्यांनी किती पेशी मोजणार? १९६५ मध्ये लॉस अलामोसला मॅक फुलवायलरने पेशी वेगळ्या काढणारं यंत्र बनवलं. त्याच धर्तीवर स्टॅनफर्डच्या लेन हर्झेनबर्गच्या गटाने १९६९ मध्ये चमक ओळखून पेशी निवडणारं यंत्र जाहीर केलं. पुढे त्यात लेझर आला. पेशी एकामागोमाग एक प्रकाशासमोरून जायला लागल्या.

यंत्र आलं, तरी प्रश्न विचारणारी अँटिबॉडी भरवशाची नव्हती. प्रत्येक सशाचं सीरम वेगळं, आणि ससा गेला की सीरमही संपलं. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी केंब्रिजला हायब्रिडोमा तंत्र दाखवलं. तेव्हापासून एकाच जातीची अँटिबॉडी हवी तितकी मिळू लागली.

मग नवाच गोंधळ. प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या अँटिबॉडीला आपलं नाव द्यायची. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं आणि गावात हाक तिसरीच, तसं झालं. कुणाचं 'टी४', कुणाचं 'ल्यू-३', रेणू मात्र एकच. १९८२ मध्ये पॅरिसच्या बैठकीत अँटिबॉडींची तुलना करून सीडी क्रमांक द्यायची पद्धत सुरू झाली. तोच रेणू आज आपला सीडी४.

भोसरी, नगर, अकोले

त्याच सुमारास, १९८१ मध्ये, लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांना काही तरुण रुग्णांच्या रक्तात नेमक्या याच पेशी जवळपास नाहीशा झालेल्या दिसल्या. ती एड्सची सुरुवातीची नोंद. भारतात एचआयव्ही १९८६ मध्ये चेन्नईत आढळला आणि १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली.

१ एप्रिल २००४ ला सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी औषधं सुरू झाली. पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. होतं. औषध कुणाला द्यायचं हे आजाराच्या लक्षणांवर आणि सीडी४ च्या आकड्यावर ठरायचं. लक्षणं फारशी नसतील, तर रेघ होती एका मायक्रोलिटरमध्ये २०० पेशींची.

आता अकोल्यातला रुग्ण डोळ्यांसमोर आणा. आदिवासी पाड्यावरून अकोल्याला यायचं, मग संगमनेरमार्गे नगर गाठायचं, मजुरी बुडवून. हे यंत्र तालुक्याला नव्हतं. पुन्हा रक्त ताजं लागतं, पेशी मेल्या की आकडा बिघडतो. त्यामुळे 'नंतर परत या' म्हणणं सोपं नव्हतं.

हिशेब करून बघू

पूर्वी यंत्रातून टक्केवारी घ्यायची आणि दुसऱ्या यंत्राच्या लिम्फोसाइट संख्येने गुणायची. दोन यंत्रं, म्हणून दोघांच्या चुका एकत्र. त्यावर उपाय म्हणजे ट्यूबमध्ये मोजून टाकलेले मणी.

समजा ट्यूबमध्ये ५०,००० मणी आहेत आणि रक्त ५० मायक्रोलिटर. यंत्राने ५,००० मणी आणि १,००० सीडी४ पेशी मोजल्या. दहावा भाग मोजला गेला, म्हणजे ट्यूबमध्ये १०,००० पेशी. भागिले ५०, उत्तर २००.

आता खरा आकडा १९० आहे आणि पिपेटने ५० ऐवजी ५५ मायक्रोलिटर रक्त घेतलं असं धरा. पेशी येतील १०,४५०. आपण मात्र ५० नेच भागणार. उत्तर २०९. माणूस रेघेच्या वर गेला! पिपेटच्या टोकाला बाहेरून लागलेला थेंबही असाच आकडा वाढवतो.

आणि सीडी३? मोनोसाइटवरही सीडी४ असतो, थोडा फिकट. फक्त सीडी४ ला विचारलं तर मोनोसाइटही 'हो' म्हणतात. सीडी३ फक्त टी पेशींवर, म्हणून दोन्हींना 'हो' म्हणणाऱ्याच मोजायच्या. सीडी४५ ने पांढऱ्या पेशी बाकी कचऱ्यातून वेगळ्या दिसतात.

औषधाची ही रेघ पुढे ३५०, मग ५०० वर गेली. २०१७ पासून भारतात निदान झालेल्या प्रत्येकाला औषध द्यायचं धोरण आलं, आकडा कितीही असो. तरी सीडी४ मोजणं थांबलेलं नाही, आजार किती पुढे गेलाय हे त्यावरून कळतं.

म्हणून नवं पॅनेल लावताना तीन गोष्टी वहीत लिहाच: प्रत्येक अँटिबॉडीचा क्लोन, तिचं टायट्रेशन, आणि पिपेट शेवटचं कधी तपासलं ती तारीख. जास्त अँटिबॉडी घातली तर ती नको तिथेही चिकटते, हे टायट्रेशनशिवाय कळत नाही. आणि गेट थोडा इकडे-तिकडे सरकवताना एकदा विचार करा, या रेघेच्या पलीकडे कोण राहतंय?