कुंडलिकेच्या मुखाशी राहिलेली एक भाषा: रोहा ते कोर्लई

ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन लावूनही नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. जे बोललो तेच, थोडं साफसूफ करून.

आजचा विषय आहे निवांत गावं. ब्राझीलच्या ईशान्येला आलागोआस नावाचं राज्य आहे. तिथे सांव फ्रान्सिस्को नदीच्या काठावर पेनेदो नावाचं एक छोटं शहर आहे. (पेणकरांनो, नावावर जाऊ नका, संबंध काही नाही.) मोठी नदी, काठावर पोर्तुगीज काळातली चर्च, रंगीत भिंतींची जुनी घरं. अशा गावांचे व्हिडिओ आपण रात्री झोपताना बघतो आणि म्हणतो, एकदा जायला पाहिजे यार!

जा की. पण व्हिसा आणि तिकिटाचे पैसे जमेपर्यंत एक सोपा पर्याय सांगतो. रोह्याला या आणि कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथपर्यंत जा. मुखाच्या एका बाजूला रेवदंडा, दुसऱ्या बाजूला कोर्लई. नदी आहे, नारळ आहेत, पोर्तुगीज चर्चचे अवशेष आहेत आणि घाई अजिबात नाही. मी रोह्याचा, नोकरीला पुण्यात. बीटेकच्या चार वर्षांत कुणी मला हे शिकवलं नाही, पण या दोन किनाऱ्यांचा संबंध फक्त दिसण्यापुरता नाही. तो इतिहासातला आहे.

सुरुवात 1500 सालापासून करू. पेद्रो आल्वारिश काब्राल हा पोर्तुगीज कप्तान मार्च महिन्यात लिस्बनहून 13 जहाजं घेऊन निघाला. जायचं होतं भारतात. आफ्रिकेला वळसा घालण्यासाठी तो अटलांटिकमध्ये पश्चिमेकडे बराच आत गेला आणि 22 एप्रिलला त्याला जमीन दिसली. ती जमीन म्हणजे आजच्या ईशान्य ब्राझीलमधला बाहिया. तिथे काही दिवस थांबून तो पुढे निघाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कालिकतला पोचला. म्हणजे ब्राझीलचा पोर्तुगीज इतिहास सुरू झाला तो भारताच्या वाटेवर.

त्यानंतर तिकडच्या गोष्टी इकडे येऊ लागल्या. आपल्या कोकणाचा म्हणून आपण मिरवतो तो काजू मूळचा ईशान्य ब्राझीलचा. तिथल्या तुपी लोकांचा शब्द 'अकाजू', पोर्तुगीजांनी त्याचा 'काजू' केला आणि आपण तो फळासकट घेतला. अननसाचंही तसंच, फळ दक्षिण अमेरिकेचं आणि नाव पोर्तुगीजांच्या तोंडून आलेलं. चावी, पाव, साबण, घमेलं, तुरुंग हे शब्दही पोर्तुगीजांकडून आले. आपण रोज थोडं थोडं पोर्तुगीज बोलतो, फक्त आपल्याला ते माहीत नसतं.

आता रेवदंड्याकडे येऊ. त्याच्या शेजारचं चौल हे बंदर पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचं. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने दुसऱ्या शतकात 'सिमुल्ला' म्हणून ज्याचा उल्लेख केला ते हेच बंदर, असं मानतात. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसुदी इथे येऊन गेला. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि पुढे पालीमार्गे जुन्नरला गेला. आपल्या गोऱ्या रंगाकडे लोक कसे वळून वळून बघत होते, ते त्याने लिहून ठेवलंय. रेवदंड्यात त्याचं स्मारकही आहे.

मग पोर्तुगीज आले. 1508 मध्ये याच खाडीत मोठी लढाई झाली. एका बाजूला इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार आणि त्याच्या मदतीला दीवचा मलिक अयाज. दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज आरमार, त्याचा प्रमुख लॉरेन्सो द अल्मेइदा, म्हणजे पहिल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा. खाडीतून बाहेर पडताना त्याचं जहाज मच्छीमारांनी जाळी लावण्यासाठी पाण्यात रोवलेल्या खुंटांमध्ये अडकलं. जहाज हलेना, आणि लॉरेन्सो तिथेच मारला गेला. विचार करा, आख्खा हिंदी महासागर ताब्यात घ्यायला निघालेल्या आरमाराचा कप्तान आपल्या मच्छीमारांच्या खुंटांत अडकला!

पण पोर्तुगीज परतले. 1521 मध्ये त्यांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. 1570-71 मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने त्याला वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर निजामशाहीने किल्ला उभारायला घेतला, तर 1594 मध्ये तोही पोर्तुगीजांनी जिंकला. आता नदीचं तोंड दोन्ही बाजूंनी त्यांचं झालं.

रोहेकरांसाठी एक खास गोष्ट. 1674 च्या मे महिन्यात मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला निघाला. तो आधी समुद्राने चौलला आला. पोचेपर्यंत रात्र झाली, गावाच्या वेशी बंद झाल्या होत्या, म्हणून रात्र वेशीबाहेरच्या चर्चमध्ये काढावी लागली. मग होडीने कुंडलिकेतून वर, आपल्या रोह्यासमोरच्या अष्टमीपर्यंत, आणि तिथून निजामपूरमार्गे रायगड. आज रोह्यात पुलावरून जाताना आपण नदीकडे नीट बघतही नाही. पण एके काळी रायगडाला जाणारा हा एक हायवे होता.

मग एवढं धावपळीचं बंदर आज इतकं शांत कसं? कारण व्यापार हलला. 1661 मध्ये पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंडा म्हणून देण्याचं ठरलं. हळूहळू जहाजं तिकडे वळली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता मोडली. 1740 च्या तहात रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. ईशान्य ब्राझीलमध्येही असंच झालं. बाहियातलं साल्वादोर 1549 पासून ब्राझीलची राजधानी होतं, साखरेचा पैसा त्या भागात वाहत होता. मग दक्षिणेकडे सोनं सापडलं आणि 1763 मध्ये राजधानी रिओला गेली. आपण फिरायला जाऊन ज्याला 'किती शांत आहे ना' म्हणतो, ती शांतता पुष्कळदा अशी असते. बाजार उठून गेल्यानंतरची.

रेवदंड्यात ती चालता चालता दिसते. रस्ता जुन्या तटबंदीतूनच गावात शिरतो. किल्ल्याच्या आत आता नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. जिथे चर्च आणि हवेल्या होत्या तिथे शिंपण्याचं पाणी पाटातून वाहतं. एका वाडीत सातखणी बुरूज उभा आहे. तो खरं तर एका चर्चचा मनोरा, नावाप्रमाणे सात मजली, पण वरचे मजले पडलेत. पायथ्याशी तोफा पडल्यात. समुद्राच्या बाजूने ओहोटीला तटाखालून वाळूत चालता येतं. दुपारी दोन वाजता गेलात तर चहाची टपरीही झोपलेली असेल. चालायचंच!

पण या भागाचा मुख्य मुद्दा पुढे आहे. रेवदंड्याहून पूल ओलांडून साळावला आणि तिथून मुरूडच्या रस्त्याने कोर्लईला या. डोंगरावर किल्ला, त्यात पडकं चर्च, पोर्तुगीज शिलालेख. बहुतेक लोक तिथे फोटो काढून, वरून दिसणारा समुद्र बघून निघून जातात. पण किल्ल्यापेक्षा जुनी आणि अजून शाबूत असलेली गोष्ट खाली गावात आहे. ती म्हणजे तिथली भाषा.

1740 नंतर पोर्तुगीज सत्ताधारी आणि व्यापारी निघून गेले. इथलेच, जमीन कसणारे ख्रिस्ती कुटुंबातले लोक मागे राहिले आणि कोर्लईला डोंगराच्या कुशीत वस्ती करून राहिले. ते जी भाषा बोलत होते ती त्यांच्या पोराबाळांनी, नातवंडांनी आजपर्यंत बोलत ठेवली. ते तिला 'नो लिंग' म्हणतात. पोर्तुगीजमध्ये 'लिंग्वा' म्हणजे भाषा. 'नो लिंग' म्हणजे आमची भाषा. बोलणारे लोक साधारण हजाराच्या आसपास.

माझ्यातल्या इंजिनिअरला इथे राहवत नाही, म्हणून सांगतो. या भाषेतले बहुतेक शब्द पोर्तुगीज, पण वाक्य जुळतं मराठीसारखं. पोर्तुगीज माणूस 'मी खाल्ला भात' या क्रमाने बोलतो. कोर्लईत मात्र क्रियापद आपल्यासारखं शेवटी जातं, 'मी भात खाल्ला'. म्हणजे शब्द लिस्बनचे आणि सिंटॅक्स रायगडची! जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषातज्ज्ञाने या भाषेवर आख्खं पुस्तक लिहिलंय, 1996 मध्ये. जगभरात भाषांचा अभ्यास करणाऱ्यांना कोर्लई माहीत असते. रोह्यात किंवा पेणमध्ये दहा जणांना विचारून बघा, किती जणांना माहीत आहे.

आता ब्राझीलशी तुलना करा. एकाच साम्राज्याची भाषा दोन किनाऱ्यांवर उतरली. तिकडे ती 20 कोटींहून जास्त लोकांची भाषा झाली, आणि तिच्याखाली तुपीसारख्या किती तरी स्थानिक भाषा दबल्या. इकडे उलट झालं. साम्राज्य गेलं आणि भाषा एका छोट्या गावात उरली, चारही बाजूंनी मराठी. पोर्तुगीज ही सत्तेची भाषा होती, पण नो लिंग तशी नाही. तिच्यामागे ना सैन्य, ना सरकार, ना बाजार. 1740 पासून तिला जिवंत ठेवलं ते स्वयंपाकघरांनी आणि ओट्यावरच्या गप्पांनी.

ती टिकली कशी? गाव छोटं, समाज आपापसात लग्नं करणारा, चर्चभोवती एकत्र राहणारा, मोठ्या रस्त्यापासून बाजूला. ज्या निवांतपणाला आपण मागासलेपण म्हणतो, त्याच निवांतपणाने ही भाषा सांभाळली. आणि आता नेमका तोच कमी होतोय. शाळा मराठीत, नोकरी अलिबागला नाहीतर मुंबईला, मोबाइलवर हिंदी आणि इंग्रजी. हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही. कोर्लईच्या पोरांना चांगली नोकरी हवी असेल तर ती मिळालीच पाहिजे. आपल्या वीकेंडला काहीतरी जुनं बघायला मिळावं म्हणून कुणी मागे राहायचं नसतं. पण हजार माणसांच्या भाषेत एका पिढीने घरात मुलांशी बोलणं थांबवलं की खेळ संपला. तिचा बॅकअप कुठल्याही सर्व्हरवर नाही. पुस्तकात व्याकरण राहील, पण आजीने नातवाला दिलेली शिवी राहणार नाही.

हे फक्त कोर्लईचं आहे असं समजू नका. पेण, अलिबाग, पनवेलकडची आगरी बोली घ्या. गावात मोकळेपणाने बोलणारी पोरं नवी मुंबईच्या ऑफिसात फोनवर घरच्यांशी बोलताना आवाज खाली घेतात, कुणी हसेल म्हणून. नो लिंग बोलणाऱ्यांनी 280 वर्षं हसणाऱ्यांची पर्वा केली नाही. आपल्याला मुंबईच्या एका लोकल प्रवासात ती करावीशी वाटते.

तर जायचं असेल तर दिवा-रोहा गाडीने रोह्यापर्यंत या, पुढे एसटीने साळाव, रेवदंडा, कोर्लई असा दिवस काढा. कोर्लईत शिरलात तर ते प्रदर्शन नाही, लोकांचं राहतं गाव आहे हे लक्षात ठेवा. कुणासमोर कॅमेरा धरून 'तुमच्या भाषेत काहीतरी बोला ना' असं करू नका. चहा घ्या, मासळीचा भाव विचारा, बसा. कानावर काही पडलं तर तुमचं नशीब.

आणि या भागाचा गृहपाठ. घरी आजी, आजोबा, मावशी, काका, जे असतील त्यांच्याकडून असे पाच शब्द काढा जे तुम्ही स्वतः आता वापरत नाही. आगरी, कोळी, कातकरी, मालवणी, अहिराणी, कुठलीही बोली चालेल. त्यांच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. पुढच्या भागात आपण ते सगळ्यांना ऐकवू. भेटूच!