इंग्रजी स्वल्पविराम: श्वासाकडून व्याकरणाकडे

इंग्रजी वाक्यात स्वल्पविराम कोठे द्यावा, याचे नियम आज वाक्यरचनेवरून शिकवले जात असले, तरी अठराव्या शतकात त्याचे माप मुख्यतः वाचणाऱ्याचा श्वास हे होते. लिंडली मरे या मूळच्या अमेरिकन वकिलाने इंग्लंडातील यॉर्क येथील मुलींच्या शाळेसाठी लिहिलेल्या आणि 1795 साली छापलेल्या व्याकरणात स्वल्पविराम हा सर्वांत लहान थांबा मानला असून, अर्धविराम त्याच्या दुप्पट, अपूर्णविराम चौपट आणि पूर्णविराम आठपट असा हिशेब मांडला आहे. अर्थात इतके काटेकोर मोजून कोणी वाचत असेल, हे संभवत नाही. कर्ता विशेषणांनी लांबलेला असल्यास त्याच्यानंतर, म्हणजे क्रियापदाच्या आधी, स्वल्पविराम देण्याची मरेने दिलेली मुभा मोठ्याने वाचताना सोयीची होती; परंतु कर्ता आणि क्रियापद यांची फारकत करणारे असे चिन्ह आजचे शिक्षक सरळ चूक ठरवतात. मराठीतही ही चिन्हे इंग्रजीवरूनच आली आणि त्यांची पद्धतशीर मांडणी मेजर थॉमस कँडी यांनी 1850 साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ या पुस्तिकेत केली.