सांबेनितो : खुंटीवर टांगलेली अब्रू

एखाद्याला दोष चिकटवायचा असेल तर मराठीत आपण त्याच्या माथी खापर फोडतो. स्पॅनिश माणूस अशा वेळी त्याच्यावर ‘सांबेनितो टांगतो’. फुटलेल्या खापराचे तुकडे झाडून टाकता येतात. सांबेनितो मात्र टांगला की टांगला. तो उतरू नये अशीच सरकारी तजवीज होती.

सांबेनितो म्हणजे डोक्यातून घालायचा, बिनबाह्यांचा, पुढेमागे लोंबणारा पिवळा झगा. त्याचं कूळ शोधत गेलं की आपण तेराव्या शतकातल्या दक्षिण फ्रान्समध्ये पोचतो. रोमच्या चर्चशी फारकत घेतलेल्या कॅथार पंथाचा तिथे जोर होता. पंथ सोडून परतलेल्यांनी कपड्यांवर वेगळ्या रंगाचे दोन क्रूस शिवून घ्यावेत, असं १२२९च्या तुलूझच्या धर्मपरिषदेने ठरवलं. पुढे पिवळा हा त्या क्रूसांचा रंग ठरून गेला. ख्रिस्ती लोकांत पश्चात्तापासाठी गोणपाट अंगावर घेण्याची चाल जुनीच होती. पण ती आपखुशीची. आता तिच्यामागे हुकूम आला.

नावाबद्दल दोन मतं आहेत. ‘साको बेन्दितो’, म्हणजे आशीर्वादाची गोण, याचा अपभ्रंश होऊन सांबेनितो झाला असं एक मत. दुसरं मत सान बेनितोकडे, म्हणजे संत बेनेडिक्टकडे बोट दाखवतं. त्याच्या पंथाचे साधू खांद्यावरून पुढेमागे सोडतात ती कापडी पट्टी दिसायला अशीच असते. कोणतंही खरं धरा, बेअब्रूच्या कापडाला नाव मिळालं ते पावित्र्याचं.

स्पेनमध्ये या झग्याला राजाश्रय मिळाला. इन्क्विझिटर, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे न्यायाधीश, नेमण्याचा अधिकार १४७८मध्ये पोपने राजा फर्डिनंड आणि राणी इसाबेला यांना दिला. न्यायाधीश धर्माचे, नेमणूक राजाची. सुरुवातीचे बहुतेक आरोपी बाटून ख्रिस्ती झालेले ज्यू होते. शनिवार पाळला, डुकराचं मांस टाळलं, एवढ्यावर शेजारी चुगली करत आणि माणूस कोठडीत जाई. बाहेर येताना निकाल त्याच्या अंगावरच असे. तिरका तांबडा क्रूस म्हणजे कबुली दिली, शिक्षा भोगून सुटणार. खाली तोंड केलेल्या ज्वाळा म्हणजे ऐनवेळी कबुली दिली, चितेतून वाचला. वर उसळणाऱ्या ज्वाळा आणि त्यांत नाचणारे सैतान म्हणजे जाळायचा. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही हा निकाल वाचता येई.

शिक्षा संपली की झगा उतरे, पण घरी जात नसे. इन्क्विझिटर-जनरल फर्नांदो दे वाल्देस याच्या १५६१च्या नियमांनुसार तो त्या माणसाच्या गावातल्या चर्चमध्ये नावासकट टांगायचा आणि जीर्ण झाला की नवा करून लावायचा. कैद एकाला, शिक्षा साऱ्या कुळाला! मायोर्का बेटावर पंधरा आडनावांची ज्यू वंशाची ख्रिस्ती घराणी ‘शुएता’ म्हणून ओळखली गेली. त्यांच्याशी सोयरीक टाळण्याची रीत विसाव्या शतकापर्यंत टिकली.

पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनचं हे न्यायासन १५३६मध्ये आलं आणि तिथून १५६०मध्ये गोव्यात. आदिलशहाच्या जुन्या वाड्यात त्याचं बस्तान बसलं. लोक त्या वाड्याला ‘व्हडलें घर’, म्हणजे मोठं घर, म्हणत, पण दबक्या आवाजात. आधी झळ बसली ती इथेही ज्यू वंशाच्या ख्रिस्ती कुटुंबांना. हिंदुस्थानी औषधींवर ग्रंथ लिहिणारा वैद्य गार्सिया दा ओर्ता १५६८मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळलं आणि १५८०मध्ये खुद्द त्याची हाडं उकरून जाळली. पुढे मात्र कोठड्या भरल्या त्या मुख्यतः बाप्तिस्मा घेऊनही जुन्या चालीरीती न सोडणाऱ्या गोवेकरांनी. १७३६च्या एका फर्मानात तर घरापाशी तुळस लावणं, बिनमिठाचा भात शिजवणं, धोतर नेसणं, चोळी घालणं, सगळंच गुन्ह्यांच्या यादीत घातलं होतं. अंगावर काय नसावं हेही न्यायासनच सांगत होतं.

गोव्यातल्या सांबेनितोचं सगळ्यांत जवळून केलेलं वर्णन मिळतं ते शार्ल डेलॉन या तरुण फ्रेंच वैद्याकडून. बाप्तिस्मा, क्रूसपूजा अशा विषयांवर तो चारचौघांत मोकळेपणी बोलला आणि १६७३मध्ये त्याला दमणला पकडून पुढे गोव्याच्या कोठडीत आणलं. १२ जानेवारी १६७६च्या पहाटे, अंधारातच त्याला उठवून पांढऱ्या पट्ट्यांचे काळे कपडे दिले. ओवरीत सुमारे दोनशे कैदी भिंतीला पाठ लावून मुकाट उभे होते. त्यांत गोरे जेमतेम बारा. मग झगे वाटले गेले. डेलॉनच्या वाट्याला तांबड्या क्रूसाचा पिवळा झगा आला. पण त्याचा अर्थ त्याला कुठे ठाऊक होता? चितेच्या भीतीने त्याने न्याहारीची भाकर नको म्हटली. तेव्हा एका पहारेकऱ्याने सुचवलं, की खिशात ठेव, परत येईपर्यंत भूक लागेल. ‘परत येईपर्यंत’ एवढ्या शब्दांवरून त्याला कळलं, की आज आपण मरत नाही. मग घंटांच्या नादात, अनवाणी, साऱ्या शहरादेखत धिंड निघाली. त्याला पाच वर्षं गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा झाली, पण १६७७मध्येच लिस्बनहून सुटका मिळाली. १६८७मध्ये त्याचं पुस्तक छापून आलं. अ. का. प्रियोळकरांनी १९६१मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवर इंग्रजीत ग्रंथ काढला, त्यातही डेलॉनची साक्ष आहे.

गोव्यातलं न्यायासन १८१२मध्ये कायमचं बंद झालं आणि खटल्यांचे बहुतेक कागद जाळून टाकले गेले. व्हडलें घर नाहीसं झालं. जुन्या गोव्यात सेंट कॅजेटनच्या चर्चजवळ आदिलशाही वाड्याची काळ्या दगडाची चौकट तेवढी उभी आहे. शिवाय १६२३पर्यंतच्या आरोपींची एक सूची लिस्बनमध्ये आहे. माणसाचं नाव, राहण्याचं ठिकाण, गुन्हा, शिक्षा, असा तिचा साचा. म्हणजे कापडाऐवजी कागदावरचा सांबेनितोच. चर्चच्या भिंतीवरचं ते नाव कुळाने मान खाली घालावी म्हणून होतं. आज अभ्यासक तीच नावं बोट ठेवून वाचतात, कारण चारशे वर्षांपूर्वी कुणी घरात चोरून काय पाळलं होतं, हे दुसऱ्या कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.