स्टोअर कार्डांवरील पीपीआय विम्याचा परतावा

ब्रिटनमधील दुकानसाखळ्यांच्या उधारी कार्डांसोबत ग्राहकांच्या गळ्यात मारलेल्या ‘पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स’चे पैसे व्याजासह परत मिळवण्याची प्रक्रिया. हा विमा पीपीआय या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. कर्जदार आजारी पडला, अपघातात सापडला किंवा त्याची नोकरी गेली, तर ठरावीक काळ, बहुधा वर्षभर, त्याचे हप्ते विमा कंपनीने भरायचे, अशी त्याची योजना. योजना वाईट नव्हती. ती ज्या तऱ्हेने खपवली गेली, तिच्यामुळे ब्रिटनच्या वित्तव्यवहारातले सर्वांत मोठे भरपाई प्रकरण उभे राहिले. प्रामुख्याने 1990 ते 2010 या काळात सुमारे 6.4 कोटी पॉलिसी विकल्या गेल्या आणि जानेवारी 2011 ते डिसेंबर 2019 या काळात ग्राहकांना 38.3 अब्ज पौंड परत द्यावे लागले. यात गृहकर्जे, वैयक्तिक कर्जे, क्रेडिट कार्डे असे सगळेच आले. स्टोअर कार्डांचा वाटा त्यात लहान, पण गुंता सर्वांत मोठा. कारण इथे विकणारा एक, उधार देणारा दुसरा आणि विमा उतरवणारा तिसरा होता.

स्टोअर कार्ड म्हणजे एका दुकानात किंवा एकाच समूहाच्या दुकानांत चालणारे उधारीचे कार्ड. डेबनहॅम्स, बर्टन, डोरोथी पर्किन्स अशा कपडेविक्रेत्यांची कार्डे ब्रिटनमध्ये घरोघर होती. ते मिळायचे गल्ल्यावरच. कोट किंवा बूट घेऊन ग्राहक पैसे द्यायला उभा राहिला, की विक्रेती विचारायची: आमचे कार्ड घेता का, आजच्या खरेदीवर दहा टक्के सूट आहे. मागे रांग, हातात पिशव्या, समोर बारीक अक्षरांतला अर्ज. त्या अर्जात विम्यासाठी एक छोटी चौकट असायची. कधी तीत आधीच खूण केलेली असे, कधी ‘इथे आणि इथे सही करा’ म्हणताना विक्रेतीच ती करून टाके, तर कधी विमा घेतला नाही तर कार्ड मंजूर होणार नाही असे सुचवले जाई. विक्रेती बँकेची नोकर नव्हती की विमा एजंटही नव्हती. ग्राहक नोकरीत आहे की निवृत्त, त्याला जुने दुखणे आहे का, पगारी आजारी रजा मिळते का, हे विचारायला तिला ना वेळ होता, ना तसे शिक्षण. त्यामुळे दावा करायची वेळ आलीच तर ज्यांना छदामही मिळाला नसता, अशा माणसांच्या खात्यातूनही विम्याचे पैसे महिन्यामागून महिने कापले जात राहिले. पासष्टी ओलांडलेले, स्वतःचा धंदा करणारे, आठवड्यातून थोडेच तास काम करणारे लोक त्यांत होते.

कार्डाच्या मासिक विवरणात ‘पीपीआय’ ही अक्षरे क्वचितच दिसत. त्याऐवजी ‘अकाउंट कव्हर’, ‘पेमेंट कव्हर’, ‘क्रेडिट इन्शुरन्स’ किंवा ‘एएसयू’ अशी नावे येत. शेवटच्याचा अर्थ अपघात, आजार, बेकारी. स्टोअर कार्डावर बऱ्याचदा हे संरक्षण एकटे येतच नसे. घेतलेली वस्तू चोरीला गेली किंवा फुटली तर भरपाई, दुसरीकडे तीच वस्तू स्वस्त दिसली तर फरकाची रक्कम, अशा किरकोळ हमींच्या पुडक्यात बांधून ते दिले जाई. स्टोअर कार्डांच्या बाजाराची चौकशी करणाऱ्या स्पर्धा आयोगाने मार्च 2006 च्या अहवालात या पुडक्यावरही बोट ठेवले. बहुतेक कार्डांचे व्याज वर्षाला तीस टक्क्यांच्या आसपास होते आणि व्याज व विमा मिळून ग्राहक वर्षाला किमान 5.5 कोटी पौंड जादा मोजत होते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्यानंतर 25 टक्के किंवा त्याहून अधिक व्याज असलेल्या कार्डांच्या विवरणावर तसा इशारा छापणे आणि हप्त्यांचा विमा इतर हमींपासून सुटा देणे बंधनकारक झाले. जानेवारी 2007 मध्ये या बाजारातल्या सर्वांत मोठ्या कार्डदात्याला, जीई कॅपिटल बँकेला, विमाविक्रीवर पुरेशी देखरेख न ठेवल्याबद्दल 6,10,000 पौंडांचा दंड झाला. इतक्या मोठ्या बँकेला ही रक्कम चणेफुटाण्यासारखीच. पण पुढच्या तक्रारदारांना या दंडाचा आधार मिळाला.

मोठ्या प्रकरणाला तोंड फुटले ते सप्टेंबर 2005 मध्ये, ‘सिटिझन्स अॅडव्हाइस’ या ग्राहकांना सल्ला देणाऱ्या संस्थेने पीपीआयविरुद्ध सरकारकडे औपचारिक तक्रार केली तेव्हा. पुढे स्पर्धा आयोगाच्या तपासात दिसले, की या विम्यात जमा होणाऱ्या दर शंभर पौंडांपैकी जेमतेम चौदा दाव्यांपोटी परत जातात. मोटारविम्यात हे प्रमाण अठ्ठ्याहत्तर होते. उरलेल्या पैशांतला मोठा भाग उधार देणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या दलालीत जाई, म्हणजे विम्याची खरी कमाई विमा कंपनीपेक्षा गल्ल्याच्या बाजूला होती. 2010 मध्ये वित्तीय नियामकाने जुन्या विक्रीच्या तक्रारी कशा निकाली काढायच्या याचे नियम घातले. बँकांच्या संघटनेने त्यांना उच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि एप्रिल 2011 मध्ये ती हरली. महिनाभरात लॉइड्स बँकेने 3.2 अब्ज पौंड बाजूला काढल्याचे जाहीर केले आणि बाकीच्यांचा विरोध मावळला.

स्टोअर कार्डवाल्यांची खरी अडचण यानंतर सुरू झाली. तक्रार करायची कुणाकडे? कार्डावर नाव दुकानाचे, पण दुकानाने पैसे उधार दिलेलेच नव्हते. अनेक दुकानांमागे जीई कॅपिटल बँक होती. 2009 मध्ये तिचा ब्रिटनमधला कार्डव्यवसाय सँटँडर बँकेने घेतला आणि 2013 मध्ये सँटँडरने तो पुढे विकला, त्यातून न्यूडे ही कंपनी आकाराला आली. मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीने आपला वित्तविभाग 2004 मध्ये एचएसबीसी बँकेला दिला. दुकानेही टिकली नाहीत: बर्टन आणि डोरोथी पर्किन्स ज्या आर्केडिया समूहाचे, तो 2020 मध्ये बुडाला आणि डेबनहॅम्सची दुकाने 2021 मध्ये बंद झाली. तरी दुकान मिटले म्हणून विम्याची जबाबदारी मिटत नव्हती. ती कार्डदाता किंवा विमा कंपनी यांच्यापैकी कुणाकडे तरी असायचीच.

यात तारखेचाही पेच होता. सर्वसाधारण विम्याची विक्री 14 जानेवारी 2005 पासून वित्तीय नियामकाच्या कक्षेत आली. त्याआधी विमा विकणारे अनेक विक्रेते, ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या वित्तीय लोकपालाच्या अधिकाराबाहेर राहत, आणि जुनी स्टोअर कार्डे बहुतेक त्याच काळातली. अशा तक्रारींत लोकपालाने वेगळी वाट धरली. विक्रेता जर विमा कंपनीच्या वतीने विकत होता, तर त्याच्या चुकीची जबाबदारी कंपनीचीच, असा तो विचार. जीईच्या कार्डांमागची विमा कंपनी जेनवर्थ या अमेरिकी समूहाकडे होती. 2015 मध्ये ती फ्रान्सच्या आक्साने विकत घेतली. म्हणून विसेक वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एखाद्या गावी पँट घेताना काढलेल्या कार्डाबद्दलचे उत्तर ग्राहकाला फ्रेंच विमा कंपनीच्या नावाने येई, आणि ते बनावट समजून फेकून देण्याचा मोह साहजिक होता. या भरपाईचा भुर्दंड सोसायचा कुणी, यावरून कंपन्यांचीही आपसांत कोर्टबाजी झाली. डिसेंबर 2019 मध्ये लंडनच्या न्यायालयाने नुकसानीचा नव्वद टक्के भार जेनवर्थवर टाकला. ग्राहकाला या वादाशी देणेघेणे नव्हते.

तक्रारीला कागद लागत, पण लोक समजत तितके नाहीत. जुने विवरण किंवा कार्डाचा क्रमांक मिळाला तर उत्तमच. नाही तर नाव, जन्मतारीख आणि त्या काळचे सगळे पत्ते पुरत. खाते बंद झाल्यावर सहा वर्षांनी कागदपत्रे नष्ट करण्याची बँकांची रीत असल्याने नव्वदीतल्या कार्डांचा माग अनेकदा तिथेच तुटे. कंपनीकडून स्वतःची सगळी माहिती मागवण्याचा हक्क कायद्याने होताच. त्याला दहा पौंड शुल्क पडे, ते मे 2018 पासून रद्द झाले. कंपनीला उत्तरासाठी आठ आठवडे मिळत. उत्तर नकारार्थी आले, तर त्यानंतर सहा महिन्यांच्या आत लोकपालाकडे जाता येई, तेही फुकट. मृत कार्डधारकाच्या वतीने त्याच्या मालमत्तेचा कारभार पाहणारा तक्रार करू शकत असे. ब्रिटनमध्ये राहत असण्याची अट नव्हती, म्हणून तिथे काही वर्षे नोकरी करून पुण्या-मुंबईला परतलेल्या माणसालाही ती करता येत होती. फक्त जुना पत्ता आठवायला हवा होता.

भरपाईचा हिशेब उकलून पाहण्याजोगा आहे. विम्याचा हप्ता ठरावीक नव्हता, तो दर महिन्याच्या थकबाकीच्या प्रमाणात लागे आणि थकबाकीतच जमा होई. समजा, 400 पौंड थकबाकीवर शंभराला 1.20 या दराने महिन्याला 4.80 पौंड लागले. पाच वर्षांत हप्त्यांचे 288 पौंड झाले. पण ही रक्कम न फेडता खात्यातच राहिली आणि वर्षाला तीस टक्के व्याज चढत गेले, तर पाच वर्षांअखेर तिचे साधारण 590 पौंड होतात. दोष सिद्ध झाला की विमा नसताच तर खाते कसे दिसले असते, याची फेरमांडणी करायची आणि हा फरक परत द्यायचा. शिवाय ग्राहकाचे पैसे जितका काळ अडकून राहिले, तितक्या काळाचे वार्षिक आठ टक्के सरळव्याज. खाते फेडून बंद झाल्यावर पंधरा वर्षांनी निकाल लागला, तर 590 वर व्याजच 708 पौंड होते, म्हणजे मुद्दलाहून जास्त. जुनी कार्डे उकरून काढणे परवडत होते ते यामुळेच. त्या आठ टक्क्यांवर मात्र वीस टक्के प्राप्तिकर आधीच कापला जाई. एप्रिल 2016 पासून सामान्य दराने कर भरणाऱ्याला बचतीवरचे 1,000 पौंडांपर्यंतचे व्याज करमुक्त झाल्यामुळे हा कापलेला कर बहुतेकांना परत मिळण्याजोगा होता. त्यासाठी आर 40 हा अर्ज चार वर्षांच्या आत भरावा लागे. तो पुष्कळांनी भरलाच नाही. आणि कार्डावर अजून देणे थकलेले असेल, तर भरपाई आधी त्यात वळती होई.

2014 मध्ये एक नवे दार उघडले. प्लेविन नावाच्या ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की हप्त्यातला 71.8 टक्के भाग दलाली आहे हे ग्राहकाला न सांगणे म्हणजे त्याच्याशी अन्यायाचे नाते. म्हणजे विक्री एरवी नियमात बसली असली, तरी भरमसाट दलाली लपवल्याबद्दल पैसे मागता येतील. नियामकाने त्यासाठी पन्नास टक्क्यांची रेषा आखली. तिच्या वरची दलाली परत द्यायची. जुन्या स्टोअर कार्डांना मात्र याचा फायदा मोजकाच झाला, कारण हा नियम 6 एप्रिल 2008 ला किंवा त्यानंतर चालू असलेल्या उधारीलाच लागू होता. त्याआधी बंद केलेल्या कार्डाच्या मालकाला फसव्या विक्रीचा मुद्दा घेऊनच जावे लागे.

या सगळ्यावर ‘दावे मिळवून देतो’ म्हणणाऱ्या कंपन्यांचे पीक आले. त्या रात्रीबेरात्री फोन करत, आपोआप जाणारे संदेश पाठवत आणि मिळालेल्या रकमेतून तीस टक्क्यांपर्यंत व वर व्हॅट कापून घेत. काम एका पत्राचे, तेही ग्राहकाने दिलेल्या माहितीवर. जुलै 2018 पासून कायद्याने त्यांचे शुल्क वीस टक्के आणि व्हॅट यांवर आणले गेले. तक्रारींची अंतिम मुदत 29 ऑगस्ट 2019 ठरली होती. ती लोकांच्या डोक्यात बसावी म्हणून नियामकाने दोन वर्षे चालवलेल्या जाहिरातीत अर्नोल्ड श्वार्झनेगरचे यांत्रिक मुंडके लोकांवर ओरडत फिरे, काय ते ठरवा म्हणून. जाहिरात थिल्लर होती, पण तारीख पोहोचली. शेवटच्या दिवसांत तक्रारींचा पूर आला.

मुदतीनंतर कंपन्या आणि लोकपाल यांच्याकडे नव्याने दाद मिळण्याची वाट अपवादात्मक परिस्थितीपुरतीच उरली. गंभीर आजारासारख्या कारणाने वेळेत येणे खरोखर शक्य नव्हते असे दाखवता आले, तर विचार होतो. मुदत माहीत नव्हती, हे कारण चालत नाही. अजून चालू असलेल्या पॉलिसीवरचा दावा फेटाळला गेला, तर त्याची तक्रार आजही होते, पण ती विक्रीबद्दलची नव्हे. न्यायालयाचा रस्ता बंद झालेला नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये क्रेडिट कार्डावरील पीपीआयच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की लपवलेल्या दलालीबद्दल दावा करण्याची सहा वर्षे विम्याच्या शेवटच्या हप्त्यापासून नव्हे, तर कार्डाचा करार संपल्यापासून मोजायची. त्यामुळे कार्ड 2008 नंतरही चालू होते आणि कराराला संपून सहा वर्षे झालेली नाहीत, अशा मोजक्या कार्डधारकांना तिथे जागा आहे. हरल्यास खर्च अंगावर येण्याचा धोका असल्याने स्टोअर कार्डाच्या रकमेसाठी ही पायरी चढणारे थोडे.